मास्तरीण इतिहासात नापास झाली तेव्हा

आधीच सांगून ठेवते, ती काही थोर बिर नाही. हल्ली कुणी संसार सांभाळून दोन पुस्तकं वाचली की लोक त्याला डोक्यावर घेऊन नाचायला लागतात. मला ते जमत नाही. माझं तोंड फटकळ आहे, सगळ्या कारखान्याला ठाऊक आहे. तिला मी जेवढी बोलले असेन तेवढी तिची सासूही बोलली नसेल. आणि तरी तिच्याबद्दल सांगायचं तर मीच सांगणार, कारण ती माझ्या डाव्या हाताला उभी असायची आणि तिचं सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं.

आमच्याकडे शर्ट शिवतात. शिवणयंत्रांच्या रांगा संपल्या की शेवटी, खिडकीजवळ, आमचं टेबल. शिवून आलेल्या शर्टाचे लोंबते धागे बारक्या कात्रीनं कापायचे, कॉलर बघायची, काज बघायचे, झटकायचा, पुढे सरकवायचा. सगळं उभ्यानं. पायांचं लाकूड होतं, केसांत सूत अडकतं, पण एक बरं असतं. हात आणि डोळे गुंतलेले, तोंड आणि कान मोकळे. त्यामुळे कारखान्यात कुणाचं काय चाललंय ते साहेबांच्या आधी आमच्या टेबलाला कळतं.

ती आली तेव्हा पहिले काही महिने मान वर करत नव्हती. मला वाटलं, शिष्ट आहे. मग कळलं की ती शिष्ट नाही, दमलेली आहे. नवरा दुधाचा टेम्पो चालवतो, तो पहाटे बाहेर पडतो. सासूचे गुडघे गेलेले. आणि एक मुलगी, सात वर्षांची, जिला घरात सगळे ठकी म्हणतात. बाहुलीएवढी दिसते म्हणून ठकी, नाहीतर वागायला चांगली ठकसेन आहे.

आमच्या कामाची एक रीत आहे, ती समजल्याशिवाय पुढचं समजायचं नाही. सुट्टी पाचची. पण पाच वाजायला आले की सुपरवायझर बाई रांगेच्या कडेनं चालत येते आणि टेबलावर दोन बोटं टेकवून पुढे जाते. बोलत काही नाही. बोटं टेकवली म्हणजे आज थांबायचं, माल जायचाय. किती वाजेपर्यंत, ते माल ठरवणार. बोटं टेकवली नाहीत तर घरी जा. त्यामुळे आमच्यातल्या कुठल्याच बाईला सकाळी घरून निघताना सांगता येत नाही की मी संध्याकाळी कधी येईन. पोरं विचारतात, आपण म्हणतो, "बघू." माझी पोरं या "बघू"वरच मोठी झाली.

एकदा अशीच लागोपाठ बोटं टेकवली गेली. ती घरी पोचली तर ठकी दारात बसल्याजागी झोपलेली. जेवायला उठवलं तर उठेना. आजी म्हणाली, "आई आली की जेवीन म्हणून बसली होती. मी काय तोंडात कोंबू?" दुसऱ्या दिवशी हे तिनं आम्हाला सांगितलं तेव्हा पहिल्यांदाच ती एवढं सलग बोलली. आणि वर म्हणाली, "मावशी, मी स्टोअरला जाणार."

स्टोअर म्हणजे बटणं, दोरे, चेन, लेबलं ठेवायची खोली. तिथे एक काका बसतात आणि त्यांच्या हाताखाली एक मुलगी. ती मुलगी पुढच्या वर्षी नोकरी सोडून दुसऱ्या गावी जाणार होती. स्टोअरचं दार पाचला बंद होतं म्हणजे होतं, कुलूप लागतं, तिथे कुणाची बोटं चालत नाहीत. पण तिथे दहावी पास लागते. ही नववीतून उठलेली.

मी म्हटलं, "म्हणजे आता तू या वयात परकर-पोलकं घालून शाळेत जाणार?"

"संध्याकाळची शाळा आहे. मोठ्या माणसांचीच."

"आणि घर?"

तिनं शर्ट झटकला आणि पुढे ढकलला. मला राग आला. खरं सांगते, राग तिचा नाही, त्या उलट्या हिशेबाचा आला. संध्याकाळ मुलीला मिळावी म्हणून ही बाई वर्षभर मुलीच्या संध्याकाळी शाळेला देणार. हे कुठलं शहाणपण? पण दुसरा रस्ता काय, हे मलाही सांगता येईना, म्हणून मी गप्प बसले. मी गप्प बसते तेव्हा लोक घाबरतात.

तिनं मात्र सगळ्यांशी बोलून घेतलं. सुपरवायझर बाईला सांगितलं, शाळेच्या दिवशी मला पाचला सोडा, मी सकाळी लवकर येऊन तेवढं काम आधीच उरकते. बाई तशी वाईट नाही, "बघू" म्हणाली आणि सोडायला लागली. नवऱ्यानं संध्याकाळच्या स्वयंपाकाची जबाबदारी घेतली. त्याची भाजी एकतर कच्ची नाहीतर करपलेली, मधलं काही त्याला माहीत नव्हतं. सासूनं आधी आकाशपाताळ एक केलं, मग स्वतःच गुडघ्याला पट्टा बांधून नातीला शाळेतून आणायला जाऊ लागली. राहिली ठकी. तिचे तेव्हा वरचे पुढचे दोन दात पडलेले होते. हिनं तिला मांडीवर घेऊन सांगितलं, "तुझे हे दोन दात नीट आले ना, की आईची शाळा संपली. मग मी रोज उजेडात घरी." ठकीनं हिरडीला बोट लावून बघितलं आणि बरं म्हणाली.

झालं, शाळा सुरू. पण अभ्यास करायचा कधी? पहाटे नवऱ्याचा डबा, मग कारखाना, मग वर्ग. घरी पोचली की ठकीचं दप्तर, उद्याचे कपडे, सासूच्या गुडघ्याला तेल. पुस्तक उघडलं की मान खाली. गणितं तिनं कपाटाच्या दाराला आतून खडूनं लिहून ठेवली होती. कपडे काढता-ठेवता सोडवायची. पण विज्ञान, भूगोल, इतिहास दारावर कसा मावणार?

मग ती टेबलाशी उभी राहून पुटपुटायला लागली. धागे कापतेय आणि ओठ हलतायत. आमच्यात एक चष्मेवाली आहे, समोर उभी राहते, तिला दुसऱ्याच्या ताटात काय वाढलंय ते बघितल्याशिवाय घास उतरत नाही. ती म्हणाली, "काय गं, कुणाला शिव्या देतेस मनातल्या मनात?"

"पचनसंस्था."

"मग मोठ्यानं दे की. आमचाही वेळ जाईल."

तिथून सुरू झालं. तिनं पचनसंस्था सांगितली. घास तोंडातून निघाला, अन्ननलिकेतून खाली गेला, जठरात पोचला. आम्ही दुपारच्या जेवणानंतर एकमेकींना विचारायचो, "काय गं, कुठवर पोचला?" असं हसलो की सुपरवायझर बाई धावत आली. तेव्हापासून हिचं नाव मास्तरीण पडलं. आणि खोटं कशाला बोलू, काम सुधारलं. ती सांगायला लागली की कुणी पाणी प्यायला जात नव्हतं, कुणी पाय दुखतो म्हणत नव्हतं. कात्र्या आपल्या चालतायत. सुपरवायझर बाई सुद्धा उगाच आमच्या टेबलाच्या आसपास शर्ट मोजत उभी राहायची.

इतिहासात मात्र तिला खरा सूर सापडला. एक धडा होता, यंत्रं आली आणि हातमाग बुडाले त्याचा. कापडाचाच धडा, म्हणजे आमच्याच घरचं बोलणं. मास्तरीणबाईंनी सांगितलं, विणकर बेकार झाले, काही ठिकाणी त्यांनी रागाच्या भरात यंत्रं फोडली.

चष्मेवालीनं कात्री खाली ठेवली. "आणि त्यांच्या बायका?"

"काय बायका?"

"अगं, नवरा बेकार होऊन घरी बसला तर बायको काय करत होती? चूल बंद होती काय?"

मास्तरणीनं हातातला शर्ट झटकला. मग म्हणाली, "एक होती विणकराची बायको." आणि सांगायलाच लागली. त्या बाईनं नवऱ्याला न सांगता गिरणीत नाव घातलं. नवरा झोपला की मागच्या दारानं जायची. परत येताना नदीवर थांबून केसांतलं सूत एकेक करून काढायची, नवऱ्याला कळू नये म्हणून. ती केस धुते ते ऐकताना आम्हा सगळ्यांचे हात आपापल्या डोक्याकडे गेले, खोटं नाही सांगत. दुसऱ्या दिवशी पुढचा भाग. आठवडाभर आम्ही त्या बाईबरोबर जगलो. शेवटी नवरा आणि त्याचे सोबती हातोडे घेऊन गिरणीत शिरतात आणि तो जे यंत्र फोडतो ते नेमकं हिचं. ती दारात उभी राहून बघते आणि घरी जाऊन त्याला जेवायला वाढते. चष्मेवालीचा चष्मा धुरकटला. मी उगाच खोकले.

त्यानंतर तो धडा आम्ही कितीदा मागितला असेल. दर वेळी थोडा वाढायचा. बाईला एक मुलगी झाली, मग एक खडूस सासू आली, मग सासू चांगली झाली. परीक्षा जवळ आली तेव्हा तो धडा तिच्या जिभेवर असा बसला होता की झोपेत विचारलं असतं तरी सांगितला असता.

परीक्षा झाली. गणिताच्या दिवशी तोंड पाडून आली, म्हणाली माझं काही खरं नाही. इतिहासाच्या दिवशी फुलून आली. "मावशी, आपला धडा आला. यंत्रांमुळे कामगारांच्या जीवनावर काय परिणाम झाले ते लिहा. मी लिहीतच सुटले. शेवटचे प्रश्न राहिले थोडे, पण हा असा लिहिलाय की बस." आम्ही सगळ्यांनी तिला आपापल्या डब्यातलं काढून खायला घातलं.

निकाल लागला. गणितात पास. विज्ञानात चांगली पास. भाषांत पास. इतिहासात नापास.

आमचा कुणाचा विश्वास बसेना. चष्मेवाली म्हणाली, तपासणाराच आंधळा असणार. जेवणाच्या सुट्टीत मास्तरणीनं पिशवीतून पुस्तक काढलं, कशी नापास केली ते दाखवते म्हणाली, आणि तो धडा उघडला. एक पान उलटलं, दुसरं उलटलं. मागे गेली, परत पुढे आली. मग पुस्तक तसंच उघडं ठेवून माझ्याकडे बघितलं.

"मावशी, ती बाई पुस्तकात नाहीच."

चष्मेवालीनं पुस्तक ओढून घेतलं, नाकाशी धरून ओळ न् ओळ वाचली. दोन वाक्यं होती. विणकर बेकार झाले. काही ठिकाणी त्यांनी यंत्रे फोडली. बास. पुढे पाच कारणं आणि सहा परिणाम, ज्यांचा एक शब्द मास्तरणीनं पेपरात लिहिला नव्हता. तिनं तीन पानं भरून नदीवर केस धुणारी बाई लिहिली होती, आणि मनापासून लिहिली होती. लिहिताना तिला एकदाही वाटलं नाही की ही आपण स्वतः, आमच्या टेबलाशी, शर्टाचे धागे कापता कापता बनवली आहे.

तुम्हाला हसू येईल. आम्हाला आलं नाही. चष्मेवाली पुन्हा पुन्हा म्हणत होती, "पण ती दारात उभी होती ना गं." कुणी मेल्यावर म्हणतात तसं. 

एका विषयाला चार महिन्यांनी परत बसता येत होतं. स्टोअरचे काका म्हणाले, तेवढं मी थांबतो. सगळं जुळत होतं आणि ही म्हणाली, "नको. संपलं."

मी विचारलं, "नवरा नको म्हणतो?"

"नाही."

"सासू?"

"नाही हो मावशी. सोडा ना."

मी सोडणारी बाई नव्हे. सुट्टीच्या दिवशी पिशवीत फळं घेऊन मी तिच्या घरी जाऊन धडकले. दोन खोल्यांचं घर, स्वच्छ. कपाटाचं दार उघडं होतं आणि आत खडूची गणितं अजून तशीच होती. नवरा भाजी चिरत होता, आता बऱ्यापैकी बारीक चिरायला लागला होता. मला बघून त्यानं स्टूल पुसून दिलं. म्हणाला, "मीही तेच सांगतोय हिला. चार महिने काय, असे जातील. ऐकत नाही." सासू कॉटवर पाय लांब करून बसली होती. म्हणाली, "मला विचाराल तर मी आणखी ओढीन. एवढी ओढली, शेवटी काठावर येऊन सोडायची म्हणजे माझे गुडघे फुकट गेले."

तेवढ्यात ठकी आत आली. आपल्या आपण घातलेल्या दोन वेण्या, एक कानाच्या वर आणि एक खांद्यावर. माझ्याकडे बघून हसली. वरचे दोन दात, चांगले रुंद, पूर्ण आलेले.

मास्तरीण भिंतीकडे बघायला लागली. मग मला सगळं समजलं, मला काही कुणी समजावून सांगावं लागलं नाही. नवऱ्याला शब्द दिला असता तर त्यानं तो मोडून दिला असता. हा शब्द दातांना दिलेला होता आणि दात वेळेवर आले होते.

मी म्हटलं, "सांग की तिला. तिच्यापासून लपवून काय होणार आहे?"

ती खाली बसली, ठकीच्या उंचीला. "ठके, आई नापास झाली."

ठकीला मजा वाटली. "कशात?"

"इतिहासात. मी जे पुस्तकात नव्हतं ते लिहिलं."

"आमच्या बाई म्हणतात, मनचं लिहायचं नाही." मग जरा विचार करून म्हणाली, "तू परत बस. आमच्या वर्गातला एक जण बसलाय परत."

"पण मग अजून चार महिने मी उशिरा येईन. मी तुला म्हटलं होतं, दात आले की शाळा संपली."

ठकीनं खांदे उडवले. "येऊ दे उशिरा. माझी वेणी मी घालते आता. जेवण बाबा वाढतात. तू कधी येतेस ते मी बघतच नाही."

पोरगी रागानं नव्हती बोलत, तेच वाईट होतं. रागानं बोलली असती तर समजूत काढता आली असती. तिनं मोकळेपणानं परवानगी दिली होती. मास्तरणीनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि उठून मोरीत तोंड धुवायला गेली. बराच वेळ पाणी वाहत होतं. नवरा भाजी चिरायचा थांबला. सासू मला हळूच म्हणाली, "आता बसेल परीक्षेला. आता तिला बसावंच लागेल."

दुसऱ्या दिवशी मी टेबलावर कात्री आपटली आणि सांगितलं, हिला आपण नापास केलंय, आपणच पास करायची. चष्मेवालीच्या समोर पुस्तक उघडं राहील. मास्तरीण धडा सांगेल. पुस्तकाबाहेरचा एक शब्द आला की जिला कळेल तिनं कात्रीनं टेबल वाजवायचं. विणकराच्या बायकोचं नाव काढायचं नाही. चष्मेवाली म्हणाली, "मनात तरी आणू देशील का?" मी म्हटलं, मनात आण, तोंडात नको.

काय सांगू, किती रटाळ गेले ते महिने. आधी लढाई झाली की आम्ही विचारायचो घोड्यांचं काय झालं, राजा मेला की विचारायचो राणी कुठे गेली. आता काही विचारायचं नाही. कारणं पाच, परिणाम सहा. ती जरा रंगात यायला लागली, "आणि मग तो सेनापती रात्रभर..." की टक टक टक. ती ओठ चावून परत कारणांवर. पाय परत दुखायला लागले. बायका पाणी प्यायला जायला लागल्या. सुपरवायझर बाईनं मला बाजूला घेऊन विचारलं, "तिचं काही बिनसलंय का? पूर्वीसारखं सांगत नाही." मी म्हटलं, "परीक्षा संपू दे, बाई. तोवर तुम्हीही कळ काढा." तिचा चेहरा पडला, आणि मी तिच्याविषयी आजवर जे बोलत आले त्यातलं थोडं मागे घेतलं. शेवटी शेवटी आम्हा सगळ्यांनाच ते तोंडपाठ झालं होतं. यंत्रयुगाचे सहा परिणाम मला आत्ता विचारा, भाजी निवडता निवडता सांगेन. एकातही कुणाची बायको नाही.

परीक्षेला जाताना ती माझ्या पाया पडायला वाकली, मी तिला दंडाला धरून उभी केली आणि म्हटलं, "नाटकं नकोत. कारणं किती?" ती म्हणाली, "पाच." म्हटलं, जा.

पास झाली. फार वर नाही, काठाच्या जरा पलीकडे. पण पास म्हणजे पास.

ती स्टोअरला गेली आणि आमचं टेबल मुकं झालं. तिच्या जागी नवी बाई आली, कानात काहीतरी घालून गाणी ऐकते. मला आनंद झाला आणि रागही आला, दोन्ही एकाच वेळी, आणि दोन्ही खरे. आपण एखादीला धक्के मारून मारून पुढे ढकलावं आणि ती गेली की तिची जागा बघून आपणच चिडावं, असा माझा स्वभाव आहे, त्याला इलाज नाही.

तिच्या पहिल्या दिवशी मी डोळे तपासायला जायचं म्हणून पाचला सुटायची परवानगी घेतली होती. दवाखाना तिच्या घराच्या वाटेवर. पाचला काकांनी स्टोअरला कुलूप लावलं आणि ती बाहेर आली. हातात पिशवी, अंगावर ऊन. पाच वाजता रस्त्यावर एवढं ऊन असतं हे ती विसरली होती बहुतेक, सारखी डोळे बारीक करत होती. वाटेत बोलत होती. आज घरी जाऊन ठकीची वेणी घालणार, तिला घेऊन बाजारात जाणार, मग दोघी मिळून पाढे म्हणणार. चालता चालता पळायलाच लागली. मी म्हटलं, "अगं, माझे पाय बघ." म्हणाली, "तुम्ही या मागून." डॉक्टर राहिले बाजूला, मी तिच्या मागोमाग गेले. मला ते बघायचं होतं. मी त्यासाठी चार महिने टेबल वाजवलं होतं.

घराशेजारी एक मोकळी जागा आहे. तिथे पाच-सहा मुली दोरीवरच्या उड्या मारत होत्या. ठकी मधोमध. आता अंगानं भरली होती, उंच झाली होती, बाहुली वगैरे राहिली नव्हती. हिनं कडेला उभं राहून हाक मारली. ठकीनं उडी मारता मारता बघितलं.

"आई? तू आत्ता कशी?"

"सुटले. आता रोज पाचलाच."

"बरं," ठकी म्हणाली. दोरी थांबली नाही. "माझा डाव आहे. तू जा घरी, मी येते नंतर."

आणि उड्या मारत राहिली. कुणीतरी आकडे मोजत होतं.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वाटलं, जावं आणि त्या पोरीला दोन्ही वेण्यांना धरून ओढत आणावं. सांगावं तिला, ही बाई कशातून निघून इथवर आलीय ते. मी एक पाऊल टाकलंही. मास्तरणीनं माझा हात धरला.

तिचे डोळे भरले होते. नाही कशाला म्हणू. पण हात घट्ट होता. कडेला एक दगडी कट्टा होता, त्यावर ती बसली, पिशवी मांडीवर घेतली, आणि मलाही ओढून शेजारी बसवलं.

"खेळू दे, मावशी," ती म्हणाली. "मी उद्याही पाचलाच सुटणार आहे. परवाही."

 आम्ही दोघी तिथे बसून ठकीचा डाव बघत राहिलो.